पहिल्या नंबरची फ्लॉपी

बाबा घाबरले आहेत हे मला पहिल्यांदा कळलं ते त्यांच्या अक्षरावरून. तोंडाने ते कधी बोलले नसते.

बाबांचं अक्षर हा आमच्या घरातला अभिमानाचा विषय होता. डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीत कुणाचं लग्न निघालं की पत्रिकांची पाकिटं बाबांकडे यायची. कोलशेतच्या एका केमिकल कारखान्यात ते स्टोअर्समध्ये क्लार्क होते. आलेला माल, गेलेला माल, कुठल्या फळीवर काय, याची रजिस्टरं त्यांनी सव्वीस वर्षं लिहिली. नवा साहेब आला की आधी ती रजिस्टरं उलटून बघायचा आणि मग बाबांकडे वर मान करून बघायचा, असं आई सांगायची. आईने अर्थातच यातलं काही पाहिलेलं नव्हतं.

नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. एका संध्याकाळी बाबा आले, पाय धुतले आणि चहा यायच्या आधीच खिशातून एक स्लिप काढून माझ्यापुढे धरली. स्टोअर्सच्या जुन्या स्लिपची कोरी बाजू होती ती. त्यावर इंग्रजीत दोन ओळी. डेटा एरर रीडिंग ड्राइव्ह ए. अबॉर्ट, रिट्राय, फेल? अक्षर बाबांचंच होतं, पण ओळ खाली घसरत गेली होती आणि प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलेलं होतं. बाबा कधी काही दोनदा गिरवत नसत.

"हे काय विचारतंय बघ गं जरा," ते म्हणाले. "तुमच्या क्लासात असलं काही शिकवलंय का?"

मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि स्टेशनजवळ भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांमध्ये कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होते. सहा महिने झाले होते. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात, त्या न्यायाने घरात मी तज्ज्ञ होते, आणि मला ते आवडतही होतं.

"तुम्ही काय दाबलंत?" मी विचारलं.

"रिट्राय. अकरा वेळा."

"मग अबॉर्ट करायचं किंवा फेल."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. "कंपनीच्या मशीनवर मी माझ्या हाताने फेल दाबू?" ते म्हणाले. आई हसली. मीही हसले. बाबा हसले नाहीत.

हसण्यासारखं नव्हतंच ते. स्टोअर्समध्ये नवीन साहेब आला होता, बाबांच्या धाकट्या भावापेक्षाही लहान. त्याने मालाची सगळी नोंद कॉम्प्युटरवर करायचं ठरवलं होतं आणि त्यासाठी तयार प्रोग्रॅमचं एक पॅकेज विकत घेतलं होतं. पॅकेज म्हणजे एक पुठ्ठ्याचा खोका, त्यात फ्लॉप्यांचे दोन संच, एक डॉसवर चालणाऱ्या मशीनसाठी आणि एक युनिक्सवर चालणाऱ्या, आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. तीन क्लार्कांना बोलावून साहेबाने सांगितलं, दिवाळीच्या सुट्टीआधी जो हे मशीनवर चढवून चालू करून दाखवेल तो इथे बसेल. बाकीच्यांची गरज खडवलीच्या गोदामात आहे.

खडवलीचं गोदाम म्हणजे नदीच्या अंगाला पत्र्याच्या तीन शेड आणि त्यात पावडरच्या गोणी. गोणी उचलल्या की दहा मिनिटं समोरचा माणूस दिसत नाही, असं बाबाच सांगायचे, पूर्वी कधीतरी कामाला जाऊन आले तेव्हा. आणि बाबांना दमा होता. पितृपक्षात आमच्या इमारतीला रंग दिला तेव्हा चार दिवस ते खिडकीशी बसून झोपले होते. खडवलीला जायचं याचा अर्थ काय हे घरात कुणी कुणाला समजावून सांगितलं नाही. आईने फक्त गोळ्यांची बाटली फडताळात मागे होती ती पुढे आणून ठेवली.

दुसऱ्या दोघा क्लार्कांनी सरळ हात वर केले. एकाचं रिटायरमेंटला वर्ष राहिलं होतं, दुसरा टिटवाळ्याचा, त्याला खडवली घराजवळच पडणार होती. राहिले बाबा. त्रेपन्नाव्या वर्षी ते पुस्तक घेऊन बसले. त्यांनी ते पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, आभारासकट.

खोका आला तो घटस्थापनेच्या आसपास. बाबांनी तो लगेच उघडला नाही. खंडेनवमी आठवड्यावर होती, आणि पूजा झाल्याशिवाय नव्या हत्याराला हात लावायचा नाही ही त्यांच्या स्टोअर्सची रीत. दरवर्षी वजनकाट्याची, ढकलगाडीची, पंचिंग मशीनची, रजिस्टरांची पूजा व्हायची आणि सर्वांत जुना माणूस म्हणून ती बाबांच्या हातून व्हायची. त्या वर्षी टेबलावर पाट ठेवून फ्लॉप्याही मांडल्या. नव्या साहेबानेही चपला बाहेर काढून नमस्कार केला, पेढा घेतला. घरी येऊन बाबांनी हे सगळं आम्हाला इतकं बारकाईने सांगितलं की जणू मुंजच लागली होती. "या वर्षी अगदी मनापासून झाली पूजा," ते म्हणाले. इतका आनंद त्यांच्या तोंडावर मी त्यानंतर फार वेळा पाहिला नाही.

आणि दसऱ्यानंतरच्या पहिल्याच कामाच्या दिवशी ती स्लिप आली.

मी तज्ज्ञ असल्यामुळे मी निदान केलं. डॉसमध्ये एक फाइल असते, तिच्यात दोन आकडे वाढवले की बरीच दुखणी बरी होतात, असं आमचे सर सांगायचे. मी बाबांना कुठलं बटण, कुठली ओळ, कुठला आकडा, सगळं मोठ्या अक्षरात लिहून दिलं. ते त्यांनी डब्याच्या पिशवीत वर्तमानपत्राच्या घडीत ठेवलं. दुसऱ्या संध्याकाळी परत स्लिप. तीच दोन वाक्यं. पहिल्या नंबरची फ्लॉपी सुरू होते, नीट चालते, पडद्यावरची पट्टी अर्ध्याच्या जरा पुढे सरकते आणि तिथेच थांबते. दर वेळी तिथेच.

"मशीनच खराब असेल," मी म्हणाले. "दुसऱ्या मशीनवर लावून बघा."

हे वाक्य मी किती सहज म्हणाले होते. भाजीत मीठ घालून बघ, इतक्या सहज.

दुसरं मशीन टाइम ऑफिसमध्ये होतं, कामगारांच्या हजेरीचं. त्यावर युनिक्स होतं. ते चालवणारा ऑपरेटर कोलशेत गावातलाच, कोळ्यांचा, बाबांपेक्षा वीस वर्षांनी लहान आणि एकदम बिनधास्त. बाबांना मशीनला हात लावायला बिचकताना बघून तो म्हणाला होता, "काका, मशीन हाय ती. खाडीतली मगर नाय." त्याने युनिक्सच्या संचातली पहिली फ्लॉपी घातली. यंत्र जरा वेळ गुरगुरलं आणि पडद्यावर एकच ओळ आली. वाचता आलं नाही, आणि पुढे एक आकडा. बाबांनी तीही लिहून आणली. त्या संध्याकाळी ते म्हणाले, "डॉस निदान विचारतो तरी, काय करू म्हणून. हा नुसताच अंगावर आकडा टाकतो आणि गप्प बसतो." युनिक्सचे आकडे आमच्या सरांच्या वहीत होते. मी दुसऱ्या दिवशी आमचा आकडा शोधून आणला. अर्थ एवढाच होता की वाचता आलं नाही.

मग तिसरं मशीन. ते साहेबाच्या केबिनमध्ये, रंगीत पडद्याचं, विंडोजवालं. साहेब माजिवड्याला कुणाला तरी भेटायला गेला असताना बाबांनी परवानगीची चिठ्ठी त्याच्या टेबलावर ठेवून, डॉसची फ्लॉपी त्यात घातली. तिथे पट्टी बंद पडली तेव्हा पडद्याच्या मधोमध एक चौकट आली, त्यात लाल रंगाची थांबा अशी खूण, आणि खाली एकच बटण. ओके.

"ओके कसलं?" बाबा मला विचारत होते. "सगळं बंद पडलंय आणि खाली लिहितात ओके. आणि दुसरं बटणच नाही. मी काय करणार, दाबलं."

तीन मशीन, तीन भाषा, पण दुखणं एकच. यावरून मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मला आली नाही. मी नवीन नवीन आकडे लिहून देत राहिले.

दोन दिवसांनी टाइम ऑफिसच्या मशीनने दुसऱ्याही फ्लॉप्या वाचायचं सोडून दिलं. रोजच्या हजेरीची नक्कल ज्या फ्लॉपीवर ठेवायचे, तीही त्याला वाचता येईना. मग स्टोअर्सचं मशीन. मग साहेबाचं. साहेबाने आपल्या घरून आणलेली चांगली फ्लॉपी घातली, तीही गेली. कारखान्यात कुणीतरी व्हायरस हा शब्द उच्चारला. तो शब्द तेव्हा पेपरात नुकताच येऊ लागला होता, आणि तो नक्की कशाने पसरतो हे कुणालाच माहीत नव्हतं. टाइम ऑफिसच्या खिडकीवर हजेरी कार्ड देताना लोक हात आखडते घ्यायला लागले. कँटीनमध्ये बाबांच्या टेबलावर एक जागा रिकामी राहायला लागली, हे बाबांनी नाही, आईने सांगितलं. त्यांच्या बोलण्यातून तिने ते काढलं होतं. साहेबाने नोटीस लावली की यापुढे कुठल्याही मशीनच्या फ्लॉपीच्या खाचेला कुणीही हात लावायचा नाही.

बाबा रात्री उठून पाणी प्यायचे ते मला ऐकू यायचं. खोकला नसतानाही ते तोंडावर रुमाल धरून बसायचे, जणू सवय करत होते. त्या दिवसांत घरात भांडं पडलं तरी आम्ही तिघंही दचकायचो.

शेवटी बाबांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. डॉसच्या संचातली पहिल्या नंबरची फ्लॉपी पाकिटासकट डब्याच्या पिशवीत घालून घरी आणली. गेटवर पहारेकरी रोज पिशव्या बघतो. सव्वीस वर्षं त्याने बाबांची पिशवी नुसती वरून चाचपली होती, त्या दिवशीही तेवढीच चाचपली, पण घरी आले तेव्हा बाबांचा शर्ट पाठीला चिकटला होता. "उद्या सकाळी तुझ्या सरांना दाखव," ते म्हणाले. "परवा मला ती जागेवर ठेवायची आहे. कुणाला कळता कामा नये." लोहचुंबकाने, अगदी रेडिओतल्यासुद्धा, फ्लॉपी पुसली जाते असं मी कधीतरी सांगितलं होतं, म्हणून आईने रेडिओ उचलून स्वयंपाकघरात नेला. फ्लॉपी कपाटावर ठेवली होती. जेवताना आम्ही हळू बोलत होतो, हे आठवून आता मला हसू येतं, पण तेव्हा कुणालाच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासात मी ती सरांसमोर पाकिटातून काढली. जुनी, मोठी, लवचिक फ्लॉपी होती ती. काळ्या वेष्टनात एक लांबट खाच असते, आणि तिच्यातून आतली गुळगुळीत तपकिरी चकती उघडी दिसते. मशीनचं वाचणारं टोक त्या खाचेतूनच चकतीवर टेकतं.

मी ती मशीनकडे नेली तशी सर म्हणाले, "थांब. घालू नकोस." त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, खिडकीच्या उजेडात धरली आणि बोटाने चकती थोडी फिरवली. खाचेत हळदीकुंकवाचं बोट आलं. वाळलेलं, कडा घासून गेलेलं, आणि त्याच्यापासून निघालेला चरा चकतीभर गोल फिरलेला.

"ही कुणी देवापुढे ठेवली होती काय?" सरांनी विचारलं.

मला लगेच कळलं. बाबांनी हेही सांगितलं होतं आम्हाला, मी लक्ष दिलं नव्हतं. लेबलावर बोट लावलं असतं तर छापलेली अक्षरं खराब झाली असती, म्हणून त्यांनी जपून मधल्या मोकळ्या जागेत लावलं. दोन्ही संचांतल्या पहिल्या नंबरच्या फ्लॉपीला, मानाचं म्हणून. दुसऱ्या कुणी कसंही फासलं असतं. बाबांनी अक्षरांची काळजी घेतली होती.

सरांनी समजावून सांगितलं. ओलं बोट, त्यावर पूड, वाळून घट्ट झालेली. टोक तिथपर्यंत वाचतं आणि अडतं. आणि नुसतं अडत नाही, ते कुंकू स्वतःला फासून घेतं, आणि मग त्या मशीनमध्ये घातलेल्या प्रत्येक चांगल्या फ्लॉपीला चरे पाडतं.

"किती मशीनमध्ये घातली ही?"

"ही दोन. आणि हिची बहीण तिसऱ्यात," मी म्हणाले. दुसऱ्या मशीनवर लावून बघा, हे कुणी सांगितलं होतं ते मला ठाऊक होतं.

"एवढं रडू नको," सर म्हणाले. मी रडत होते हे मला त्यांनीच सांगितलं. "स्पिरिटच्या बोळ्याने टोक पुसायचं, दहा मिनिटांचं काम. आणि ज्यांनी पॅकेज दिलं त्यांना सरळ सांगायचं, पूजेत कुंकू लागलं, दोन फ्लॉप्या बदलून द्या. हसतील आणि देतील. आमच्याकडे माउसला हार घातलेला मी बघितलाय."

म्हणजे औषध होतं. स्वस्त होतं. मी ती फ्लॉपी पाकिटात घालून घरी आले ते सगळं सांगायचं ठरवूनच. बाबा आले. पाय धुतले. माझ्यासमोर स्टूल ओढून बसले. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनीच विचारलं, आणि इतक्या खालच्या आवाजात की आईला आतून ऐकू गेलं नसेल.

"मला एवढंच सांग बाळा. माझ्या हातून काही झालंय का?"

त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. बोटं लिहिण्याने एका बाजूला चपटी झालेली. मी त्या बोटांकडे बघितलं आणि म्हणाले, "नाही बाबा. डिस्कच खराब आलीय. तिकडूनच."

त्यांच्यासाठी खोटं बोलले असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते निम्मंच खरं आहे. निम्मी भीती माझी माझ्यासाठी होती. कुंकवाचं सांगितलं असतं तर तीन मशीनचंही सांगावं लागलं असतं, आणि त्यातली दोन माझ्या सांगण्यावरून गेली होती.

बाबा त्या रात्री पोटभर जेवले. भात परत मागून घेतला. आई माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी फार मोठी कामगिरी केली आहे. मी एवढं म्हणून बघितलं की बाबा, मशीनचं आतलं टोक स्पिरिटने पुसून घ्यायला सांगा. ते म्हणाले, "आता आपण कशाला हात लावायचा? नोटीस आहे. त्यांचा माल खराब, ते येऊन बघतील." आणि ते बरोबरच बोलत होते, माझं खरं मानल्यावर.

मग त्यांनी पत्र लिहिलं. पॅकेज पुरवणाऱ्यांना, साहेबाच्या सहीने जाणारं. आपण पुरवलेल्या डिस्क मुळातच सदोष असून त्यामुळे आमची तीन यंत्रं निकामी झाली आहेत, अशा अर्थाचं, अस्सल कारकुनी इंग्रजीत. कच्चा मसुदा त्यांनी मला दाखवला. अक्षर परत पहिल्यासारखं झालं होतं, एकही ओळ घसरलेली नव्हती. "कडक झालंय का जरा?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, छान आहे.

त्यानंतरचे चार दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. खाई त्याला खवखवे. बाबा कामाला निघाले की मी दारापर्यंत जायची, आता सांगते म्हणून, आणि डबा हातात देऊन परत यायची. संध्याकाळी जिन्यात त्यांच्या पावलांचा आवाज आला की मी वही उघडून तिच्यात डोकं घालायची. रोज वाटायचं, आज नाही झालं काही, म्हणजे कदाचित होणारच नाही.

पाचव्या दिवशी पुरवठादारांचा माणूस आला. बाबा घरी आले ते रोजच्याच वेळी. चहा घेतला. मग आईला म्हणाले, "मशीन सुरू झाली सगळी. पूजेचं कुंकू गेलं होतं आत. माझंच." आणि थोड्या वेळाने, "सोमवारपासून खडवली. सकाळची कसाऱ्याची गाडी बघायला हवी."

आईने कपबशी खाली ठेवली. मी खिडकीशी उभी होते आणि वाट बघत होते, आता ते माझ्याकडे वळतील आणि विचारतील. तुला नाही का दिसलं? सरांनी नाही का सांगितलं? त्यांनी विचारलं नाही. रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मार खायला उभं राहावं आणि समोरच्याने हातच उचलू नये, तसे ते दोन दिवस गेले.

रविवारी सकाळी टाइम ऑफिसचा तो ऑपरेटर आमच्याकडे आला. बाबांच्या टेबलाच्या खणातल्या वस्तू एका पिशवीत भरून त्याने आणल्या होत्या. चष्म्याचं घर, दोन शाईपेनं, दम्याच्या गोळ्या. बाबा आत दाढी करत होते. तो बाहेरच्या खोलीत बसला, आणि त्याला राहवेना म्हणून त्याने मला आणि आईला सगळं सांगितलं.

"त्या मानसाने मशीन खोललं, बोट फिरवलं, लाल. साहेब पयला हसला पन. पूजेला तोच व्हता ना, पेढा खाल्लेला. काय बोलनार? पन मग त्या मानसाने पत्र काढलं. साहेबाची सही. चूक आमची नि दोष त्यांना. साहेब भडकला. काकांना बोलला, तुम्हाला कुंकू माहीत होतं ना? मग खराब माल आला असं कसं लिहिलं?"

"मग?" आईने विचारलं.

"काका बोलले, माझ्या मुलीनं तपासलीय साहेब. ती कॉम्प्युटर शिकते. कुंकवाने झालं असतं तर तिनं मला सांगितलं असतं." तो माझ्याकडे बघून थांबला. "तितंच फसलं बगा. साहेब बोलला, म्हंजे कंपनीचा माल तुम्ही घरी नेला? कुंकवाचं कोन बोलनार नव्हता ताई. पत्राचंबी मिटलं असतं. माल घरी नेला, त्याच्यावर खडवली दिली."

आईने पदर तोंडाला लावला. आत नळ चालू होता तो बंद झाला.

ऑपरेटर जरा पुढे झुकला. त्याच्या मनात काही नव्हतं, खरंच जाणून घ्यायचं होतं त्याला. "पन ताई, तुमाला खरंच नाय समजलं, कुंकवानं व्हतंय ते?"

मी काही बोलायच्या आत बाबा दारात आले. गालाला अजून साबण होता आणि खांद्यावर पंचा. चालून आल्यासारखी धाप लागली होती त्यांना, आतल्या खोलीतून बाहेर येईपर्यंतच.

"नसेलच समजलं," ते त्याला म्हणाले, जरा रागावूनच. "समजलं असतं तर बोलली नसती का ती?"

दोघंही माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "नाही समजलं."

बाबांनी मान हलवली, झालं, असं म्हणाले आणि गालाचा साबण पुसत आत गेले. आई पोहे भिजवायला उठली. सोमवारी पहाटे मी त्यांना डबा भरून दिला, आणि पुढची साडेचार वर्षं, रविवार सोडून, रोज देत राहिले.